न जुळणारी बोटे

मी एक जुने अंगठ्याचे यंत्र आहे. मित्रांनो, रेशनच्या दुकानात किंवा बँकेत तुम्ही माझी भावंडे पाहिली असतील. मुठीत मावेल एवढी काळी डबी, वर बोटाएवढी काच आणि मागे शेपटीसारखी वायर. काचेवर बोट ठेवले की मी आतून उजेड टाकते, बोटावरच्या रेघा वाचते आणि दूर कुठेतरी साठवलेल्या रेघांशी ताडून बघायला पाठवते. जुळल्या तर हिरवा दिवा लागतो, नाही जुळल्या तर लाल. एवढेच माझे काम, पण त्याची धास्ती मला जन्मभर पुरली.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात एक मुलगी हातमोजा काढून माझी परीक्षा घ्यायची. तिचे बोट मऊ आणि कोरडे होते. दर वेळी हिरवा दिवा लागायचा. मला वाटले, जगात सगळ्यांची बोटे अशीच असतात.

मग मी जळगावला आले. अजिंठा चौफुलीच्या अलीकडे इंदरचंदशेठ यांचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांची सून चेलना हिने सेवाकेंद्र उघडले होते. लोक तिला चेलनाभाभी म्हणत. टेबलावर संगणक, प्रिंटर आणि त्यांच्या मध्ये मी. पहिल्याच आठवड्यात मला कळले की बोटे तऱ्हेतऱ्हेची असतात. केळीच्या चिकाने काळी पडलेली, सिमेंटने चिरलेली, मिरचीने भाजलेली, म्हातारपणाने गुळगुळीत झालेली. त्यांतली पुष्कळ मला वाचता यायची. एखाद्या आजींची पेन्शन माझ्यामुळे सुरू झाली की त्या मला हात लावून नमस्कार करायच्या. दसऱ्याला इंदरचंदशेठ माझ्यावर झेंडूचे फूल ठेवायचे. ती माझ्या कौतुकाची वर्षे.

पण लाल दिवा लागला की तीच माणसे माझ्याकडे कशी बघायची, ते आठवले तरी मला धडकी भरते. आणि एक गोष्ट मला उशिरा उमगली. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला घाम सुटतो, ओल्या बोटाच्या रेघा पुसट दिसतात, म्हणून पुन्हा लाल दिवा लागतो आणि माणूस आणखी घाबरतो.

गेल्या वर्षी होळीनंतर दिपमालाअक्का आमच्या केंद्रात आल्या. सोमवार होता. वय चाळिशीपार, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. त्या मेहरूणला राहायच्या आणि एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणण्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षे कामाला होत्या. होळीच्या आदल्या दिवशी मालकाने कारखान्याला कुलूप लावले. तिथले मुकादम धनसिंगभाऊ यांनी बायकांना सांगितले होते, "तुमच्या पगारातून विमा कापला जायचा ना? काम सुटल्यावर त्या विम्यातून तीन महिने भत्ता मिळतो. पोर्टलवर अर्ज करा. पण मुदत शुक्रवारची आहे, लक्षात ठेवा."

चेलनाभाभीने पोर्टल उघडले, विम्याचा नंबर टाकला. पडद्यावर आले, फोनवर आलेला आकडा भरा.

"अक्का, फोनवर काही आलं का?"

दिपमालाअक्कांनी आपला फोन उलटसुलट करून पाहिला. "नही ना, भाभी."

अकरा वर्षांपूर्वी खाते उघडताना कारखान्याच्या कारकुनाने सगळ्या बायकांच्या नावापुढे स्वतःचाच फोन नंबर टाकला होता. तो कारकून केव्हाच सुरतेला निघून गेला होता आणि नंबर बंद पडला होता. दिपमालाअक्कांच्या खात्याची किल्ली अशी कुठल्या कुठे हरवली होती.

"काळजी करू नका," चेलनाभाभी म्हणाली. "अंगठा जुळला की नंबर बदलता येतो. ठेवा इथे."

अंगठा माझ्या काचेवर आला आणि मी दचकले. त्यावर रेघाच नव्हत्या. अकरा वर्षे प्लास्टिकचा दोरा त्या अंगठ्यावरून सरकत राहिला होता. एखादी पायरी पावलांनी झिजावी तसा तो झिजला होता. मी उजेड वाढवला, पुन्हा पुन्हा पाहिले. लाल दिवा लागला. मग तर्जनी ठेवली. लाल. हात धुऊन, पदराला पुसून मधले बोट ठेवले. तेही लाल. पडद्यावर संदेश आला: तीन प्रयत्न चुकले, खाते गुरुवारपर्यंत बंद.

दिपमालाअक्का आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या. "भाभी, हाऊ हात मन्हाच शे ना?" त्यांनी विचारले. हा हात माझाच आहे ना, असे त्या विचारत होत्या, आणि थट्टेत विचारत नव्हत्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचीही शंका आली. माझ्या काचेवर एक बारीक ओरखडा होता. दोष त्यांच्या बोटांचा की माझ्या काचेचा? माझ्यामुळे या बाईचा घास अडला असेल तर? मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते की हीच ती बाई आहे. पण मला दोनच दिवे दिलेले होते.

मंगळवारी खाते बंदच होते, तरी दिपमालाअक्का सकाळी नऊलाच आल्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. दुपारी तिथेच त्यांनी डबा उघडला. बुधवारीही तेच. शेवटी चेलनाभाभीने विचारले, "अक्का, आज काम होणार नाही, मी सांगितलं होतं ना? घरी का नाही जात?"

दिपमालाअक्कांचा घास हातातच राहिला. मग त्या हळू आवाजात बोलल्या. "घर कोनले सांगेल नही, भाभी. मी कामाला जाते म्हणून निघते."

त्यांचे यजमान अभिमनभाऊ रिक्षा चालवायचे. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने रिक्षा उडवली. पायात सळई बसली आणि नंतर त्याच पायात रक्ताची गाठ झाली. रक्त पातळ राहावे म्हणून त्यांना रोज एक गोळी घ्यावी लागे. ती चुकवायची नाही, गाठ सरकली तर जीव जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. अक्कांना भीती होती ती याच गोळीची. मागच्या दिवाळीत घरात ओढाताण झाली तेव्हा अभिमनभाऊंनी गुपचूप गोळ्या बंद केल्या होत्या. आपल्या औषधाचा खर्च वाचवावा म्हणून! मुलगी हर्षालीच्या ते लक्षात आले म्हणून निभावले.

"आता नोकरी गेली कळलं तर पुन्हा तेच करतील," दिपमालाअक्का म्हणाल्या. "पैसे येऊ द्या, मग सांगेन. पैसे हातात ठेवून सांगेन."

त्याच दुपारी तानुबाई आल्या. त्या अक्कांच्या शेजारच्या मागावर बसायच्या. कारखान्याच्या फाटकापाशी एका अनोळखी माणसाने त्यांना गाठले होते. पोर्टल-बिर्टल काही नको, मी भत्ता काढून देतो, असे म्हणत त्याने आपल्या यंत्रावर त्यांची बोटे आठ-दहा वेळा दाबून घेतली. तानुबाईंनी नुकतेच पासबुक भरून आणले होते. प्रत्येक दाबाला थोडे थोडे पैसे काढले गेले होते आणि खात्यात काहीच उरले नव्हते.

"अशाच मशीनवर घेतला व्हता गं अंगठा," माझ्याकडे बोट दाखवून तानुबाई म्हणाल्या. चेलनाभाभीने त्यांना पाणी दिले आणि आधी बँकेला फोन लावून खाते रोखायला सांगितले. मग त्यांना घेऊन ती स्वतः पोलीस ठाण्यात गेली. ती परत येईपर्यंत दिपमालाअक्का माझ्यापासून चार हात दूर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सापाकडे बघावे तसे त्या माझ्याकडे बघत होत्या. मला किती वाईट वाटले, काय सांगू! पण त्यांचे काय चुकले? तानुबाईंचे घर धुऊन नेणारे यंत्र दिसायला अगदी माझ्यासारखेच होते.

गुरुवार उजाडला आणि पोर्टलच उघडेना. पडद्यावर एक पांढरे चाक नुसते गरगरत राहिले. चेलनाभाभी दर दहा मिनिटांनी प्रयत्न करायची. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी चाक थांबले नाही. दिपमालाअक्का उठल्या, डबा पिशवीत घातला आणि गेल्या. शुक्रवारी त्या येतील की नाही, अशी मला धाकधूक लागून राहिली.

त्या आल्या. मुदतीचा शेवटचा दिवस. अकराच्या सुमारास पोर्टल उघडले आणि पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली. चेलनाभाभीने ती वाचून दाखवताना आवाज शांत ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. "अक्का, आज तीनच वेळा बोट लावता येईल. तिन्ही चुकली तर खातं कायमचं अडकेल. मग विमा कार्यालयात अर्ज, चौकशी... आणि मुदत तर आजच संपते."

तिने आपल्या ओढणीने माझी काच पुसली. अक्कांची बोटे कोमट पाण्यात बुडवली, कोरडी केली. डावा अंगठा माझ्यावर आला. पुसला तरी तो घामाने पुन्हा ओला झाला होता. आत नाडी इतक्या जोरात उडत होती की मला बाहेरचे काही ऐकू येईना. लाल.

डावी तर्जनी. लाल.

दुकानात रांगेत उभे असलेले लोकही टेबलाजवळ सरकले. आता एकच प्रयत्न उरला होता. दिपमालाअक्कांनी हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. "नको भाभी," त्या म्हणाल्या. "माले भ्याव वाटस. राहू द्या."

तेवढ्यात वह्यांच्या गठ्ठ्यांमागून इंदरचंदशेठ उठून आले. ते सहसा सुनेच्या कामात बोलत नसत. "बहू, एक मिनिट थांब," ते म्हणाले आणि अक्कांसमोर स्टूल ओढून बसले. "बाई, तुम्ही माग कसा चालवायच्या? दोरा कसा धरायच्या? जरा करून दाखवा."

"आते कशाले, शेठ?"

"दाखवा तर खरं."

दिपमालाअक्कांनी हात हवेत धरले. आणि अकरा वर्षांची सवय त्या हातांत आपोआप जागी झाली. बोटे दोरा उचलू लागली, ओढू लागली, दाबू लागली. अंगठा, तर्जनी, मधले, अनामिका, सगळी झरझर फिरत होती. शेठ डोळे बारीक करून बघत होते. डाव्या हाताची करंगळी मात्र बाजूला, उंच, नुसती उभी होती.

"हिला काही काम नाही वाटतं?" शेठनी विचारले.

अक्कांनी स्वतःच्या करंगळीकडे पहिल्यांदाच पाहावे तसे पाहिले. "नही ना शेठ. हिले कामच नही."

"बहू, दहाही बोटांची नोंद असते ना?"

"असते, बाबूजी," चेलनाभाभी म्हणाली आणि तिने पडद्यावर डाव्या करंगळीची खूण केली.

करंगळी माझ्या काचेवर टेकली. मी श्वास घेत नाही, पण त्या क्षणी माझ्या आत काहीतरी थांबले होते. उजेड टाकला आणि दिसल्या! बारीक, कोवळ्या, गोल गोल फिरणाऱ्या रेघा, शेतातल्या नांगरटीसारख्या एकामागे एक. मी त्या पाठवल्या. दूरवरून उत्तर यायला चार-पाच क्षण लागले असतील. रांगेतली एक म्हातारी देवाचे नाव घेत होती.

हिरवा.

दिपमालाअक्का रडल्या नाहीत. त्यांनी करंगळी ओठांना लावली आणि खाली बसल्या. ज्या बोटांनी घर चालवले, ती कोणाला ओळखू आली नाहीत. आणि जिने कधी दोरा धरला नाही, तिच्यावर त्यांचे नाव शाबूत राहिले होते. चेलनाभाभीने फोन नंबर बदलला, अर्ज भरला, पावती छापून त्यांच्या हातात दिली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपली असती तर किती बरे झाले असते!

तीन आठवड्यांनी दिपमालाअक्का धापा टाकत आल्या. त्यांच्या फोनवर भत्ता जमा झाल्याचा संदेश आला होता, पण बँकेत पासबुक भरले तर त्यात एक ओळही वाढली नव्हती. चेहरा पांढराफटक पडला होता. "भाभी, मन्हा पैसा कोठे गया? तानुबाईसारखं झालं का?"

चेलनाभाभीच्या हातातला पेनही थांबला. तिने पोर्टल पाहिले. पैसे खरोखरच गेले होते. पण कुठे? असा भत्ता आधारला जोडलेल्या खात्यातच जातो, म्हणून ते खाते कोणत्या बँकेचे आहे ते पाहावे लागते. तिने पाहिले. बँक जळगावची नव्हती. शाखा होती सोनगीर, जिल्हा धुळे.

"अक्का, सोनगीरला तुमचं खातं आहे?"

"मन्हं माहेर शे. पण खातं..." त्या आठवू लागल्या. आई शेवटची आजारी होती तेव्हा त्या दोन महिने माहेरी राहिल्या होत्या. शाळेत बँकेचे शिबिर लागले होते. गावातल्या सगळ्या बायका गेल्या, त्याही भाऊ वना याच्याबरोबर गेल्या. कुठेतरी बोटे लावली. पंधराव्या दिवशी आई गेली आणि त्या खात्याची आठवणही तिच्याबरोबर गेली. पासबुक कधी पाहिलेच नाही. कोणी वापरत असेल का ते? कोणी काढले असतील का पैसे?

दुसऱ्या दिवशी जादा पाळी आहे असे घरी सांगून त्या एसटीने धुळ्याला आणि तिथून सोनगीरला गेल्या. पुढचे मी पाहिले नाही, त्यांनी नंतर सांगितले ते ऐकले. बँकेत गर्दी होती. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकला आणि मान हलवली, खाते निष्क्रिय आहे. वनाभाऊ बरोबर आले होते. पैसे आहेत का, ते त्यांनीच विचारले. बाई म्हणाल्या, "पैसे सुखरूप आहेत, फक्त खातं झोपलंय. केवायसी करा. अंगठा द्या."

"अंगठा नही," दिपमालाअक्का म्हणाल्या आणि कोणी न सांगता डावी करंगळी पुढे केली.

खाते चालू झाले. पुढचे हप्ते जळगावच्या बँकेत यावेत म्हणून त्यांनी तोही अर्ज केला. पैसे घेऊन त्या संध्याकाळी घरी पोचल्या आणि ठरवल्याप्रमाणे ते अभिमनभाऊंच्या हातात ठेवून सगळे सांगून टाकले.

अभिमनभाऊंनी पैसे बाजूला ठेवले. मग म्हणाले, "माले माहीत व्हतं. महिना व्हयना, तुन्हा कपडास्ले प्लास्टिकना वास येत नही."

अक्कांना मागची दिवाळी आठवली. त्या उठल्या आणि फळीवरचे औषधाचे पाकीट उघडले. मोजायची गरजच नव्हती. पाकीट जितके रिकामे असायला हवे होते तितके ते नव्हते. अभिमनभाऊ दिवसाआड गोळी घेत होते. अक्कांनी लपवले म्हणून भाऊंनी विचारले नाही, आणि भाऊंनी विचारले नाही म्हणून अक्कांना कळले नाही. पायाची पोटरी सुजून घट्ट झाली होती.

हर्षालीने रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले, ते रागावले आणि दोन दिवस ठेवून घेतले. गाठ वाढली होती, पण सरकली नव्हती. "आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो," असे ते म्हणाले. हे सगळे दिपमालाअक्कांनी नंतर चेलनाभाभीच्या टेबलापाशी बसून सांगितले.

अभिमनभाऊ बरे झाले. जूनमध्ये दोघे मिळून केंद्रात आले. ते काठी टेकत, त्या एक पाऊल मागे. अक्कांना एका डाळमिलमध्ये धान्य निवडण्याचे काम लागले होते. "नव्या जागी पहिल्याच दिवशी माझा फोन नंबर मीच लिहिला," त्यांनी भाभीला सांगितले. तानुबाईंचे सगळे पैसे काही परत मिळाले नाहीत, थोडे मिळाले. तो माणूस अजून सापडलेला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जुन्या पद्धतीची यंत्रे बंद करायचा आदेश आला. माझ्या जागी नवे यंत्र बसले. ते अधिक चांगले वाचते म्हणतात. असेलही. आता मी खालच्या खणात, तुटक्या स्टेपलरशेजारी पडून असते. दसऱ्याचे फूल नव्या यंत्राला मिळते. त्याचे मला फारसे दुःख नाही. खरे सांगायचे तर सुटल्यासारखेच वाटते. आता माझ्यामुळे कोणाच्या चेहऱ्याचा रंग उडत नाही.

जाता जाता तुम्हाला एवढेच विनवते. घरातल्या मोठ्या माणसांची खाती कुठे आहेत, कोणता फोन नंबर कुठे दिला आहे, ते त्यांच्याजवळ बसून एकदा लिहून काढा. अनोळखी माणसाच्या यंत्रावर त्यांना बोट ठेवू देऊ नका. घरात काही वाईट घडले तर ते एकमेकांपासून लपवू नका. लपवलेली भीती दुप्पट होते. आणि मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणीतरी शिकून-सवरून खिडकीच्या आतल्या खुर्चीवर बसेल. समोर एखादी बाई येईल, तिचे बोट जुळणार नाही आणि लाल दिवा लागेल. तेव्हा "जुळत नाही, पुढचे या," असे म्हणू नका. तिला विचारा, बाई, तुम्ही काम काय करता? हे विचारणे मला कधी जमले नाही. तुम्हाला जमेल.